पत्ता न देता लिहिलेला अभिप्राय

घरी छळ सोसलेल्या बायकांना मदत करणाऱ्या बेळगावातील ज्या संस्थेविषयी मी लिहीत आहे तिचे नाव इथे येणार नाही आणि ती कोणत्या गल्लीत आहे हेही मी सांगणार नाही. संस्थेनेच तशी विनंती केली आहे आणि ती रास्त आहे, कारण कार्यालयामागच्या तीन खोल्यांत ज्या बायका मुलाबाळांसह तात्पुरत्या राहतात त्यांचा माग काढत सासरची माणसे याआधी दारापर्यंत आलेली आहेत. ज्यांना गरज आहे त्यांना १८१ या महिला हेल्पलाइनवरून, हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीच्या सरकारी ‘सखी’ केंद्रातून किंवा जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून अशा संस्थांपर्यंत पोचता येते. जीवावर बेतले असेल तर अर्थातच आधी ११२. माझ्या मावसबहिणीच्या मुलीसाठी गेले सहा महिने मी तिथे ये-जा करते आहे, आणि जे पाहिले त्यावरून मला वाटते की तिथे मिळणाऱ्या आसऱ्यापेक्षाही तिथे जे लिहून घेतले जाते ते अधिक मोलाचे आहे.

भाची चंदगड तालुक्यात दिलेली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती चार वर्षांच्या मुलाला घेऊन, वडापच्या जीपने शिनोळीची हद्द ओलांडून माझ्या दारात आली तेव्हा तिच्या अंगात स्वेटर होता, आणि ऊन चढले तरी तिने तो काढला नाही. संध्याकाळी आम्ही इथल्याच एका पोलीस ठाण्यात गेलो. घटना महाराष्ट्रात घडली आहे, तेव्हा तक्रार तिकडेच द्या, असे तिथे सांगण्यात आले. छळाला कंटाळून घर सोडलेली स्त्री जिथे आसरा घेते तिथेही तिला तक्रार देता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिलेला आहे, पण तो मला त्या वेळी ठाऊक नव्हता. मी हटून बसले म्हणून शेवटी कन्नडमध्ये पाच ओळींचा अर्ज लिहिला गेला आणि भाचीने त्यावर सही केली. तिचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. त्या पाच ओळींतले एक अक्षर तिला वाचता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेल्यावर तिथल्या ज्येष्ठ समुपदेशक बाईंनी, ज्यांना तिथे सगळे आक्का म्हणतात, तो कागद चष्म्याखाली धरून वाचला आणि त्यातले दोनच शब्द आम्हाला मोठ्याने ऐकवले: ‘गंड-हेंडती जगळ’. नवरा-बायकोचे भांडण. आमच्या भागात ‘गंड हेंडर जगळ उंडु मलगो तनका’ ही म्हण मराठी घरांतूनही ऐकू येते. जोडप्याचे भांडण जेवून झोपेपर्यंतच टिकते, असा तिचा अर्थ. मनगटापासून कोपरापर्यंतचे वळ त्या म्हणीत बसवून ठाण्याने मोकळे व्हावे, याचा मला आजही संताप येतो.

आक्कांनी नवा कागद घेतला. ‘घाई नाही गे, आधी चहा घे, मग सांग,’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुढचे अडीच तास त्यांनी प्रश्न विचारले. कशाने मारले, किती वेळा, त्या वेळी घरात कोण होते, मूल कुठे होते, दवाखान्यात कोणी नेले आणि डॉक्टरांना काय कारण सांगितले. भाची काजूच्या कारखान्यात जात असे आणि पगार सासू मोजून घेत असे. आमच्या लेखी ही संसाराची रीत होती, आक्कांनी ती आर्थिक छळाच्या रकान्यात लिहिली, कारण २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो. स्त्रीधनाची यादी करताना त्यांनी बोरमाळ किती तोळ्यांची, पाटल्या कोणी घातल्या, शहापूरच्या सराफाची पावती आहे का, असे एकेक करून विचारले. लिखाण कन्नडमध्येच झाले, कारण ते इथल्या कार्यालयांत आणि न्यायालयात जायचे होते; परंतु सहीच्या आधी त्यांनी प्रत्येक वाक्य मराठीत वाचून दाखवले. एका ठिकाणी भाचीने त्यांना थांबवले. ‘ढकलले’ असे लिहिले गेले होते. तिला पायरीवरून ढकलले नव्हते, केस धरून ओढले होते. आक्कांनी शब्द खोडला, वर नवा लिहिला आणि खोडलेल्या जागी तिची आद्याक्षरे घेतली. मी अनेक वर्षे कारकुनी केली आहे. अशी काळजी कागदाच्या वाट्याला क्वचित येते.

संस्था या कायद्याच्या कलम १० खाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदलेली असल्याने घरगुती घटनेचा अहवाल तिला स्वतः तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे या कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, पाठवता येतो. कर्नाटकात तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारीच संरक्षण अधिकारी असतात आणि अंगणवाड्यांचा सारा कारभार त्यांच्याच माथी असतो, त्यामुळे त्यांच्या दारात ताटकळण्यातले बरेच दिवस इथे वाचतात. सीमाभागातल्या माहेरांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी, जी मला आक्कांकडून कळली: कलम २७नुसार स्त्री तात्पुरती जिथे राहत असेल तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो आणि तिथे मिळालेला आदेश देशभर लागू होतो. चंदगड, गडहिंग्लज, कागल या बाजूंना दिलेल्या आपल्या मुलींनी तारखांसाठी सासरच्या तालुक्यात खेटे घालण्याची गरज नाही. वकीलही फुकट मिळतो, कारण कायदा सेवा प्राधिकरणाची मदत स्त्रीला उत्पन्न न पाहता देय आहे.

आता जे खटकले ते. दुसऱ्या भेटीत आक्का रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी बसलेल्या तरुण समुपदेशक बाईंनी पाच मिनिटांत विचारले की नवऱ्याला बोलावून समोरासमोर बसू या का. भाचीने उत्तर दिले नाही. तिने मुलाच्या सदऱ्याचे बटण लावले, काढले, पुन्हा लावले. तडजोड ज्यांना हवी असते त्या बायका तसे स्वतःहून सांगतात, आणि ज्यांनी सांगितलेले नाही त्यांच्यापुढे तो प्रस्ताव पहिल्या महिन्यात ठेवणे हे माझ्या मते चूक आहे. मी तसे लेखी कळवले. आक्कांनी फोन करून दिलगिरी व्यक्त केली, तरी संस्थेचा त्याबाबतचा नियम काय आहे हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. दुपारी दीड ते तीन फोन उचलला जात नाही. माहितीपत्रक फक्त कन्नडमध्ये आहे, मराठीतले संपले आहे, आणि ते सहा महिने संपलेलेच आहे.

व्हरांड्यात एकच बाक आहे. त्यावर वडगाव-खासबागच्या विणकर घरांतल्या बायका, निपाणीहून आलेल्या विडी कामगार आणि एकदा तर खांद्याला शाळेची पिशवी लावलेल्या एक शिक्षिका, अशा सगळ्या दाटीवाटीने बसलेल्या मी पाहिल्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला होता आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. त्या मानाने एक बाक फारच आखूड आहे.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे लिहिते, कारण दिवाळीनंतर तिथे जुन्या साड्यांची जी गाठोडी येऊन पडतात ती लावायला माणूस लागतो. उपयोग होतो तो रोख रकमेचा. २०२३च्या जूनपासून राज्यातल्या सरकारी बसमध्ये बायकांना शक्ती योजनेचे शून्य तिकीट मिळते, पण त्यासाठी कर्नाटकचा पत्ता असलेले ओळखपत्र लागते, आणि भाचीसारख्या जिच्या आधारवर सासरचा, म्हणजे महाराष्ट्राचा पत्ता आहे तिला प्रत्येक तारखेला पैसे मोजून तिकीट काढावे लागते. संस्था हे पैसे एका खाकी पाकिटातून देते आणि वहीत सही घेते. झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, मोबाइलचे रिचार्ज, एखाद्या रात्रीची रिक्षा, असा खर्च त्याच पाकिटातून होतो, आणि महिनाअखेरीस ते रिकामे असलेले मी दोनदा पाहिले. ज्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिता-वाचता येते अशा निवृत्त शिक्षकांनी आठवड्याची एक दुपार दिली तर तीही हवी आहे.

कायद्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. आम्हाला पहिली तारीख मिळायलाच तीन आठवडे गेले आणि मूळ अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे, मात्र अंतरिम आदेशाने मासिक रक्कम ठरली आणि स्त्रीधन परत करण्यास सांगितले गेले. दोष न्यायालयाच्या गर्दीचा आहे. संस्थेची बाई प्रत्येक तारखेला आमच्या आधी येऊन थांबलेली असे.

गेल्या आठवड्यात सासरहून एक पिशवी आली. आक्कांनी ती टेबलावर रिती केली आणि मार्गशीर्षात केलेली यादी शेजारी ठेवून एकेका वस्तूपुढे खूण केली. बोरमाळ होती, जोडवी होती, मुलाचा चांदीचा वाळाही होता. पाटल्या नव्हत्या. त्या ओळीपुढे त्यांनी फुली मारली, खाली पुढची तारीख लिहिली आणि कागद भाचीपुढे सरकवून तो मराठीत वाचायला सुरुवात केली.