डिऑर यांचा ‘बार’ पोशाख : रेखाटनाच्या दोन छापील प्रती

फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिऑर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये आपला पहिला संग्रह सादर केला. त्यातील ‘बार’ या गाजलेल्या पोशाखाच्या रेखाटनाची छापील प्रत मी पॅरिसमधल्याच एका लहानशा दुकानातून घेतली. तिथे ती दोन आकारांत मिळत होती. मी दोन्ही घेतल्या आणि मोठीवर घातलेले पैसे वाया गेले.

चित्र म्हणून या कागदात फारसे काही नाही. चेहरा तर जेमतेम सुचवलेला आहे. मात्र मी स्वतः ब्लाउज बेतते, त्यामुळे माझी नजर थेट कमरेवर गेली. जॅकेटची रेघ तिथे आत ओढली जाते, नितंबांवर एकदम फुगते आणि तिच्याखालून चुण्यांचा लांब, घेरदार स्कर्ट सुरू होतो. युद्धानंतरच्या त्या टंचाईच्या दिवसांत एवढे कापड एका स्कर्टवर खर्च करणे अनेकांना चैनीचे वाटले आणि त्यावरून टीकाही झाली. प्रत्यक्षात जॅकेट फिकट हस्तिदंती रेशमाचे आणि स्कर्ट काळ्या लोकरी कापडाचा होता, तर नितंबांवरचा तो फुगीरपणा आतून भरणी घालून आणलेला होता. रेखाटनात ही भरणी कुठेच दिसत नाही. डिऑर भराभर रेखाटने करीत आणि त्या रेघांवरून कापड कसे वळवायचे हे त्यांच्या शिवणघराच्या प्रमुख मार्गरित कारे व त्यांच्या हाताखालचे कारागीर आधी पांढऱ्या सुती कापडावर जुळवून पाहत. असा हा कारखान्यातला कामाचा कागद आहे, आणि तो तसाच दिसायला हवा.

लहान प्रतीत तो तसा दिसतो. कागद चकचकीत नाही, पेन्सिलीची रेघ बारीक राहिली आहे आणि हात कुठे दाबला, कुठे उचलला हेही कळते. मोठ्या प्रतीत मात्र रेघ जाड व केसाळ झाली असून चुण्यांचा नुसता काळा ठोकळा उरला आहे. म्हणजे ज्या कमरेसाठी प्रत घ्यायची, तीच बिघडली आहे. घ्यायची तर लहानच घ्यावी, आणि लंडनला जाणे झाल्यास व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात प्रत्यक्ष पोशाख मांडलेला असेल तर पाहावा.

लहान प्रत मी शिलाई मशीनच्या वर लावली आहे. मोठीची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर परवा एका ब्लाउजचे पेपर कटिंग काढले.