मंद उजेडाच्या टाकीवर कोणता दिवा: क्लिपवाला, बॅटन की साधा बल्ब?

माशांच्या टाकीत अनुबियास, जावा फर्न, थोडं जावा मॉस आणि एखाद-दोन क्रिप्ट (क्रिप्टोकोरीन) अशी कमी उजेडावर भागवणारी रोपं आहेत, रोपांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही आणि तो आणायचा बेतही नाही, अशांसाठी हे लिहितोय. लाल पानांची रोपं किंवा तळाशी गालिच्यासारखं पसरणारं गवत ज्यांना हवंय त्यांचं गणित वेगळं. त्यांनी इथे वेळ घालवू नये.

माझी टाकी दोन फुटी, साधारण ६० लिटरची. चार वर्षांत तिच्यावर तीन दिवे येऊन गेले: आधी काठाला चिमट्याने बसणारा तयार एलईडी, मग खोलीत लावतात तसला दोन फुटी एलईडी बॅटन, आणि मधल्या काळात होल्डरमध्ये अडकवलेला साधा बल्ब. तिन्ही स्वस्तातले. तिन्हींखाली रोपं जगली. त्यामुळे उजेड पुरेल का, या प्रश्नावर मी फार अडत नाही. या रोपांना तळाशी ३०च्या आत पार (रोपांना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) मिळाला तरी भागतं आणि दोन फुटी टाकीला तेवढा उजेड कुठलाही बऱ्यापैकी एलईडी देतो. लिटरमागे १० ते २० लुमेन (खोक्यावर लिहिलेलं उजेडाचं माप) हा ठोकताळा ढोबळ आहे, पण अशा टाकीपुरता चालून जातो.

पार मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. त्या यंत्राच्या किमतीत असे कितीतरी दिवे येतील. माझी मोजपट्टी दोनच गोष्टींची: अनुबियासला नवं पान किती दिवसांनी फुटतं, आणि पुढच्या काचेवरचे शेवाळाचे हिरवे ठिपके किती दिवसांनी खरवडावे लागतात. पान महिन्याभरात आलं आणि काच दोन आठवडे टिकली, की दिवा बरोबर. हे काही शास्त्र नव्हे. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

आधी क्लिपवाल्याबद्दल, आणि त्याच्या चांगल्या बाजूने. दिसायला तिघांत तोच देखणा. बारीक, हलका, पाणी बदलताना एका हाताने बाजूला सारता येतो. वीज अडॅप्टरमधून कमी दाबाची होऊन येते, त्यामुळे ओल्या हातांनी त्याच्या आसपास वावरताना जीव धाकधुकत नाही. लहान मुलं किंवा उडी मारणारं मांजर घरात असेल तर ही बाजू मोठी समजा. शिवाय त्यातले एलईडी उघडे, ठिपक्याठिपक्यांचे असतात, म्हणून पाणी हललं की तळावर प्रकाशाची जाळी नाचते. बॅटनखाली ती जाळी दिसत नाही, आणि कधी कधी तिची आठवण येते, हे कबूल करतो. निळे-तांबडे एलईडी मिसळलेले असतात त्याचं मात्र मला फारसं कौतुक नाही. पांढऱ्या एलईडीतही निळा प्रकाश भरपूर असतो, तांबडाही पुरेसा असतो, आणि हळू वाढणाऱ्या रोपांना तेवढ्यावर भागवता येतं. रंगीत एलईडीने रोपं वाढण्यापेक्षा मासे खुलून दिसतात, एवढंच.

आता ज्या एका गोष्टीपायी तो टाकीवरून उतरला, ती सांगतो.

त्याच्या वायरीवर एक चपटी डबी होती. तिच्यावर बोट टेकवलं की पांढरा, पुन्हा टेकवलं की निळा, आणखी एकदा टेकवलं की दोन्ही. टाकीचा उजेड ठरल्या वेळी लागावा-विझावा म्हणून मी तो दिवा सॉकेटवरच्या टायमरला जोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर टाकीत अंधार. टायमरने वीज सोडली होती, अडॅप्टर कोमट होता, पण दिवा स्वतःहून लागत नव्हता. वीज तुटली की डबी सगळं विसरायची आणि पुन्हा कुणीतरी बोट लावण्याची वाट पाहत बसायची. म्हणजे टायमर लावा की न लावा, दिवा लावायला माणूस हवाच.

ठीक आहे, म्हटलं, डबीतच सहा तासांचा टायमर आहे, तो वापरू. संध्याकाळी चारला बटण दाबलं. चार ते दहा उजेड, मग अठरा तास अंधार, पुन्हा चारला चालू. आठवडाभर घड्याळासारखं चाललं. मग एका रात्री वीज गेली आणि दोन मिनिटांत आली. आता या डबीत घड्याळ नसतंच. ती फक्त बटण दाबल्यापासूनचे तास मोजते, आणि वीज गेली की तेही विसरते. त्यामुळे पहाटे तीनला वीज परत आली तरी ती पुन्हा बोटाची वाट पाहत बसली. चार वाजले तरी दिवा लागला नाही. संध्याकाळी टाकीसमोर बसावं तर काळोख. पुन्हा बटण, पुन्हा चार वाजता हजर राहणं. चारला घरी नसलो तर सातला. पुढच्या आठवड्यात पुन्हा वीज पळभर गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

यात रोपं मरत नाहीत. अनुबियास तर दोन दिवस अंधारात राहिलं तरी ढिम्म असतं. त्रास होतो तो शेवाळाचा. चुकून निळ्यावर राहिलेला दिवा, कधी सहा तास तर कधी विसरल्यामुळे अकरा तास, असं तीन-चार महिने चाललं आणि अनुबियासच्या जुन्या पानांवर हिरवे टणक ठिपके बसले. हे पान महिन्याला एक येतं आणि वर्षभर टिकतं, त्यामुळे त्यावर बसलेली घाण नव्या पालवीखाली झाकली जात नाही. पुसून निघत नाही, माझ्या गोगलगायींनी हात लावला नाही. शेवटी चांगली मोठी सहा पानं कापावी लागली. ठिपक्यांना खतातल्या फॉस्फेटची कमतरताही कारण असते म्हणतात, तेव्हा सगळा दोष डबीच्या माथी मारत नाही. पण दिवा बदलल्यावर खत तेच ठेवलं होतं, आणि नवी पानं स्वच्छ आली.

मग बॅटन. यात बढाई मारण्यासारखं काही नाही. पांढरी पट्टी, आत एलईडी, वर दुधी प्लास्टिक. दोन फुटी बॅटन १० वॉटचा घेतला, सुमारे १००० लुमेनचा. म्हणजे माझ्या टाकीला लिटरमागे १६-१७च्या आसपास. त्याच्यात डबी नाही, आठवण नाही, निळा नाही. वीज आली की लागतो, गेली की विझतो. सॉकेटवरचा टायमर जे सांगेल ते तो ऐकतो. अक्कल नसलेला दिवा हवा होता, तो मिळाला.

टायमरबद्दल इथेच सांगून टाकतो. चकती फिरणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो, म्हणजे वीस मिनिटं वीज गेली तर वीस मिनिटं मागे पडतो. महिन्यातून एकदा चकती बोटाने पुढे सरकवायची. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर तेही करायला लावत नाही. दोन्हींत वेळापत्रक पहिल्यापासून सुरू होत नाही, हा मुद्दा. माझा टायमर बॅटरीवाला, सात तासांवर आहे, दुपारी तीन ते रात्री दहा, आणि गेल्या दीड वर्षात मी त्याला तीनदा हात लावला असेल.

बॅटनच्या उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. तो पाण्यासाठी बनवलेला नाही. त्यात थेट घरातली वीज असते, त्यामुळे उघड्या टाकीवर तो आडवा ठेवायचा विचारसुद्धा नको. माझ्या टाकीवर काचेचं झाकण आहे, आणि बॅटन त्या झाकणावर नाही, मागच्या भिंतीला ठोकलेल्या दोन कंसांवर, पाण्यापासून वीतभर उंच स्क्रूने आवळलेला आहे. नुसता टेकवलेला असता तर तो एक दिवस पाण्यात गेलाच असता. वायर सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशी सोडलीय, म्हणजे चुकून थेंब ओघळला तर तो खालीच टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. ज्या सर्किटवर गळती पकडून वीज तोडणारा स्विच नाही, तिथे मी हा बेत करणार नाही. हे सगळं जमत नसेल, भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल, तर क्लिपवाला घ्या आणि माझी कुरकुर विसरा.

उंचीचा मला वेगळाच फायदा झाला. सुरुवातीला बॅटन झाकणाच्या अगदी जवळ होता तेव्हा मॉसमध्ये केसासारखं लांब शेवाळ आलं. उजेड जास्त होतोय, हे त्यावरून कळलं. वीतभर वर नेल्यावर तीन आठवड्यांत ते ओसरलं. मंद उजेडाच्या टाकीत उजेड कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याच्याच तक्रारी अधिक, असा माझा अनुभव. दिवा वर नेता येत नसेल तर साल्विनियासारखं तरंगतं रोप अर्ध्या पृष्ठभागावर पसरू द्या. डकवीड, म्हणजे ती बारीक पानांची तरंगती वनस्पती, मात्र नको. ती पाहुणी जात नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. ६५०० केल्विनचा, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाचा घेतला, नंतर उत्सुकतेपोटी जरा पिवळसर, ४०००चा लावून पाहिला. रोपांना काही फरक पडला नाही. लाकूड उबदार दिसू लागलं, पण लाकडातून उतरलेल्या रंगामुळे पाणी आधीच चहासारखं, ते आणखी पिवळं वाटलं. पुन्हा ६५०० लावला. हा निव्वळ डोळ्यांचा प्रश्न आहे. स्वस्त बॅटनमध्ये माशांचा लाल रंग जरा विटका दिसतो, तो दिसतोच. दुकानात निवडताना मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरून पाहा. पडद्यावर काळे पट्टे जोरात सरकत असतील तर दिवा लुकलुकणारा आहे. रोपांना त्याचं काही नाही, टाकीसमोर तासभर बसणाऱ्याला मात्र त्रास होऊ शकतो.

बल्बला मी जरा अन्याय करतोय, कारण माझी टाकी लांबट आहे. मान वाकवता येणारा होल्डर आणि ९ वॉटचा बल्ब यांनी मधला भाग उजळायचा आणि दोन्ही टोकांना संध्याकाळ राहायची. माशांना ते आवडलं असावं, ते कडेला बसायचे. पण डाव्या टोकाच्या क्रिप्टची पानं लांब देठांची, विरळ व्हायला लागली. एक फुटी चौकोनी टाकी असती तर मी डोळे झाकून बल्ब घेतला असता. तोही अक्कल नसलेला, टायमरचं ऐकणारा, आणि उजेड कमी-जास्त करायचा तर ५ किंवा ७ वॉटचा बल्ब फिरवून बसवायचा, काम झालं. फक्त होल्डरला टोपी हवी, नाहीतर अर्धा उजेड छताला आणि उरलेला तुमच्या डोळ्यांत.

फ्लडलाइट काही जण सुचवतात. पावसात टिकणारा असतो, हे खरं, पण १० वॉटचा उजेडही एका जागी एवढा एकवटतो की तो हातभर उंच टांगावा लागतो, आणि मग खोलीभर उजेड. जुन्या ट्यूबबद्दल आता काय बोलायचं. असेल तर जळेपर्यंत वापरा, नवी शोधू नका.

ज्यांचं मन क्लिपवाल्यावरच आहे त्यांनी एक करावं. आता वीज गेल्यावरही आठवण ठेवणारे दिवे निघाले आहेत, सगळे माझ्या डबीसारखे नाहीत. खोक्यावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून दुकानातच दिवा पांढऱ्यावर लावा, प्लग उपसा, दहापर्यंत मोजा, पुन्हा खोचा. हात न लावता पांढराच लागला तर घ्या, आणि मग मी तुमच्याशी वाद घालणार नाही. दुकानदार थोडा वैतागेल.

माझा जुना क्लिपवाला अजून आहे. नवे मासे वेगळे ठेवायच्या छोट्या टाकीवर तो बसतो. तिथे मी तसाही रोज सकाळी मासे तपासायला वाकतो, तेव्हाच डबीवर बोट टेकवतो. परवा पहिल्या टेकवण्यात निळा लागला.