शब्द सोपा, वापर अवघड: ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीचं परीक्षण

ऑफिसची ईमेल किंवा नोकरीचा अर्ज लिहिताना गाडी अडते ती 'डिस्कस', 'सजेस्ट', 'रिक्वेस्ट', 'डाउट' अशा शाळेतच पाठ झालेल्या शब्दांवर. अर्थ तर येत असतो. पुढे 'अबाउट' लावायचं की नाही, तिथे पेन थांबतं. इंग्रजी-मराठी कोश 'डिस्कस म्हणजे चर्चा करणे' एवढं सांगून मोकळा होतो. मराठीत चर्चा विषया'बद्दल' होते, म्हणून आपण बिनदिक्कत 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट' लिहून टाकतो. ही अडचण सोडवायला इंग्रजीतून इंग्रजी शिकवणारा, परभाषकांसाठी केलेला कोश लागतो. त्यातला प्रगत विद्यार्थ्यांसाठीचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा म्हणजे ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी'. छापील दहावी आवृत्ती 2020 सालची आहे आणि संकेतस्थळावर मूळ कोश फुकट वाचता येतो.

हा कोश मुळात इंग्लंडमध्ये जन्मला नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या चुका डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर तो रचला आणि 1942 साली तो टोकियोत छापून निघाला. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये काढला. परभाषक कुठे ठेचकाळतो याचा विचार त्याच्या पायातच आहे आणि आपल्याला उपयोग होतो तो त्याचाच.

बहुतेक जण शब्द टाइप करतात, पहिल्या ओळीतला अर्थ वाचतात आणि पान बंद करतात. मग कोशाला नावं ठेवतात. खरा माल अर्थाच्या आजूबाजूला बारीक अक्षरांत असतो, आणि तो वाचायचा एक क्रम आहे.

आधी शब्दाची जात पाहा: नाम की क्रियापद. हे शाळेतलं व्याकरण म्हणून सोडून देऊ नका, कारण आपल्या निम्म्या चुका इथेच होतात. 'रिक्वेस्ट' नाम असेल तर पुढे 'फॉर' येतं: 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. तोच शब्द क्रियापद झाला की 'फॉर' गळतं: 'आय रिक्वेस्टेड लीव्ह'. 'डिस्कशन अबाउट' बरोबर, 'डिस्कस अबाउट' चूक. 'एम्फसिस ऑन' बरोबर, 'एम्फसाइझ ऑन' चूक. 'डिमांड फॉर' नाम म्हणून चालतं, क्रियापद म्हणून नाही. एकाच शब्दाच्या दोन नोंदी शेजारी उघडून ठेवल्या की हे पटकन दिसतं, आणि एकदा दिसलं की अशा चारपाच जोड्या आपोआप सुटतात.

नंतर नामापुढचं 'सी' किंवा 'यू' हे अक्षर. 'सी' म्हणजे 'काउंटेबल', मोजता येणारं, 'यू' म्हणजे 'अनकाउंटेबल', न मोजता येणारं. मराठीत दोन सल्ले देता येतात, चार सूचना करता येतात, म्हणून 'ॲडव्हाइसेस' लिहिलं जातं. 'ॲडव्हाइस'पुढे 'यू' आहे, म्हणजे त्याला 'एस' लागत नाही आणि आधी 'ॲन'ही येत नाही. एकच द्यायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'फीडबॅक' याच रांगेतले. बायोडेटात 'इक्विपमेंट्स' दिसतं ते फक्त हे एक अक्षर न पाहिल्यामुळे.

तिसरी पायरी म्हणजे ठळक अक्षरांतले साचे. 'मॅरीड'च्या नोंदीत 'मॅरीड टू समबडी' असं लिहिलेलं असतं. मराठीत लग्न कुणा'शी' होतं, म्हणून आपल्या तोंडी 'विथ' येतं. गणि'तात' हुशार म्हणून 'गुड इन मॅथ्स' येतं, साचा 'गुड ॲट' आहे. 'कोप'च्या नोंदीत 'कोप विथ' आहे, मधलं 'अप' आपण आपल्या खिशातून घातलेलं. उदाहरणवाक्यं वाचायचा कंटाळा असेल तर निदान ही ठळक ओळ तरी वाचा.

या कोशातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र काही निवडक शब्दांच्या खाली 'हेल्प' असा छोटा शिक्का मारून दिलेली टीप. 'सजेस्ट' उघडा. तिथे 'सजेस्ट समबडी समथिंग' म्हणता येत नाही असं स्वच्छ लिहिलंय आणि 'कॅन यू सजेस्ट मी अ गुड डिक्शनरी' या वाक्यावर काट मारून दाखवलीय. 'एक्स्प्लेन'खाली 'एक्स्प्लेन मी' चालत नाही, 'एक्स्प्लेन द सिच्युएशन टू मी' म्हणा, असं सांगितलंय. 'मला समजावून सांग' हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उचलणाऱ्याला ही एक ओळ व्याकरणाच्या प्रकरणापेक्षा जास्त शिकवते. चुकीचं वाक्य काट मारून दाखवण्याचं धाडस फार थोडे कोश करतात. तक्रार एवढीच की हे शिक्के हवे त्याहून कमी आहेत.

शब्दाचा सूर कळायला तिरप्या अक्षरांतल्या खुणा आहेत: 'अप्रूव्हिंग', 'डिसअप्रूव्हिंग', 'फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड'. मराठीत 'बारीक' म्हटलं की कौतुक की काळजी हे आवाजावरून कळतं. इंग्रजीत 'स्लिम' कौतुकाचा आणि 'स्किनी' बहुधा टोचणारा. 'चाइल्डलाइक' गोड, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातीत 'होमली' मुलगी हवी असते, म्हणजे घरात रमणारी. ब्रिटनमध्ये हा शब्द उबदार, साधा अशा चांगल्या अर्थाने चालतो. अमेरिकेत माणसाच्या रूपाबद्दल वापरला तर तो 'दिसायला यथातथाच' असा होतो. न्यू जर्सीतल्या स्थळाला पाठवायच्या बायोडेटातून हा शब्द काढलेलाच बरा, आणि हे कळायला कोशातली ब्रिटिश-अमेरिकन खूण पुरते. 'क्वाइट गुड' हेही तसंच. ब्रिटिश साहेब ते 'ठीक आहे, बरं आहे' अशा बेताने म्हणतो, अमेरिकन माणसाच्या तोंडी त्याला बरंच जास्त वजन असतं. वार्षिक मूल्यमापनात ते वाचून खूश व्हायचं की नाही, हे लिहिणारा कुठला यावर ठरवा.

जोडक्रियापदं, म्हणजे 'फ्रेझल व्हर्ब्ज', शोधताना लोक चुकतात. 'पास आउट' हवं असेल तर 'पास'च्या पानावर पहिले दहा अर्थ वाचत बसू नका, तळाशी असलेल्या जोडक्रियापदांच्या यादीत जा. तिथे पहिला अर्थ बेशुद्ध पडणे, आणि दुसरा लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणे. खडकवासल्याच्या एनडीएची 'पासिंग आउट परेड' या दुसऱ्या अर्थाची. कॉलेजसाठी तो आपल्याकडेच चालतो. 'आय पास्ड आउट इन 2019' हे परदेशी वाचकाला घेरी आल्यासारखं वाटतं, तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

आता उणिवा. भारतीय इंग्रजीची दखल अर्धवट आहे. 'प्रीपोन' मिळतो, त्यावर भारतीय इंग्रजी अशी खूणही आहे. पण वर्गात हात वर करून म्हटलेलं 'आय हॅव अ डाउट' बाहेरच्या माणसाला 'मला विश्वास नाही' असं का ऐकू येतं, ते 'डाउट'ची नोंद वाचून स्वतःच ताडावं लागतं. तिथे अनिश्चितता आणि अविश्वास दोन्ही आहेत. वर्गातला साधा प्रश्न विचारायला 'आय हॅव अ क्वेश्चन' पुरतं. 'सिन्स टू इयर्स'ची चूकही अशीच. मराठी 'पासून' 2019पासून आणि दोन वर्षांपासून असं दोन्हीकडे फिरतं, इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर'. कोश दोन्ही शब्द नीट समजावतो, पण आपला गोंधळ नेमका कुठून येतो हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

शब्दांच्या जोड्यांसाठी, म्हणजे पावसाला 'हेवी' पण वाऱ्याला 'स्ट्राँग' अशा गोष्टींसाठी, लाँगमन या दुसऱ्या प्रकाशकाच्या अशाच कोशाचं फुकट संकेतस्थळ सरस आहे. ऑक्सफर्डच्या चौकटीत नुसती यादी असते, लाँगमन प्रत्येक जोडीला वाक्य देतो. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको ही सूचनाही तिथे जास्त ठसठशीत आहे. लाँगमनने 1978 च्या पहिल्या आवृत्तीपासून व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत बसवल्या, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना तो हलका जातो. उलट भाजी, मासे, मसाले यांच्या नावांसाठी यातलं काहीच उघडू नये. हळद ही पिवळी पूड आहे हे इंग्रजीतून वाचून काय मिळणार? तिथे द्विभाषिक कोशच हवा.

उच्चारासाठी निळा स्पीकर ब्रिटिश, लाल अमेरिकन. दोन्ही ऐका, एक धरा.

पुस्तक घ्यायचं तर मुखपृष्ठावर 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' हे शब्द असल्याची खात्री करा. ऑक्सफर्डच्याच नावाचे खिशात मावणारे मिनी कोश स्वस्त मिळतात, पण साचे, 'सी'-'यू' आणि 'हेल्प' टिपा यांसाठी ते घेऊ नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीवाल्याकडे जुनी आवृत्ती सापडली, तर 2010 ची आठवी किंवा 2015 ची नववीही बेलाशक उचला. नवे शब्द त्यात कमी असतील, पण 'सजेस्ट' आणि 'एक्स्प्लेन' तेव्हा वापरायचे तसेच आजही वापरतात. फक्त बारीक टाइपाची पानं दुकानातच उलटून पाहा. छपाई पुसट असेल तर कंसातली अक्षरं आणि काट मारलेली वाक्यं वाचता येत नाहीत, आणि पैसे आपण त्यांचेच मोजतो.