फॉल्स बॉटमवर निवळ वर्ट: हिवाळ्यापासूनचा अनुभव

अमेरिकेत मिलवॉकीला आमच्या गॅरेजमध्ये मी घरच्यापुरती बिअर करते. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडून गरम पाण्यात मुरवायचं भांडं, म्हणजे मॅश टन, म्हणून ३८ लिटरचा गोल कूलर वापरते. आधी त्यात स्टीलची विणलेली जाळीदार नळी होती. गेल्या हिवाळ्यात ती काढून स्टीलचं घुमटाकार फॉल्स बॉटम, म्हणजे तळावर बसणारी भोकांची जाळी, बसवलं. तेव्हापासून पिल्सनर, पेल एल, गव्हाची बिअर, सगळं त्यावरच काढलंय. वस्तू चांगली आहे. पण ‘जाळी बारीक तितका वर्ट (माल्टमधून निघणारं गोड पाणी) निवळ’ असं जे सांगतात, ते पटलं नाही. गाळायचं काम धान्याचा थर करतो. जाळी फक्त तो थर तोलून धरते.

म्हणजे खरा प्रश्न भरडण्याचा. दाणा फुटायला हवा आणि तूस शक्यतो अख्खं राहायला हवं. माझ्या गिरणीच्या रोलरमधली फट १ मिमी होती, ती १.१ केली. शिवाय ५ किलो माल्टवर साधारण १०० मिली पाणी फवारते, हाताने कालवते आणि दहा मिनिटं ठेवून मग दळते. एवढ्याशा ओलाव्याने तूस चिवट होतं, रोलरखाली त्याचा भुगा होत नाही. भरड मुठीत घेतली की कळतं: लांब, पूर्ण तुसं, मधे पांढरी कणी आणि पीठ अगदी कमी. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला, तेवढा नव्या जाळीनेही पडला नाही.

मॅश ६६ अंश सेल्सियसला तासभर. मग तोटी जेमतेम उघडायची. पहिला जग पेजेसारखा पांढुरका येतो, तुसाचे तुकडे तरंगत असतात. थरावर ताटली उपडी ठेवून तो तिच्यावर हळूच परत ओतायचा, थर उकरला जाता कामा नये. असं तीन-चार लिटर फिरवलं की वर्ट निवळतो. ग्लासाच्या पलीकडे धरलेल्या थर्मामीटरचे आकडे वाचता येतात. मगच पातेल्यात सोडायचा. जुन्या नळीवर याच्या दुप्पट फिरवावं लागायचं, हा या खरेदीचा खरा फायदा.

इथे घाई अजिबात नको. तोटी सताड उघडली की थर खाली ओढला जाऊन घट्ट बसतो आणि धार थांबते. थरावर बोटभर पाणी कायम ठेवून सावकाश काढते. पाऊण तास लागला तरी लागू दे. स्पार्जचं पाणी, म्हणजे थरात उरलेली साखर धुऊन काढायला वरून घालायचं पाणी, ७६ अंशांच्या वर नेत नाही, नाहीतर तुसातला तुरटपणा उतरतो. गव्हाला तूस नसतं, म्हणून अर्ध्याहून जास्त गहू असेल तेव्हा ५ किलोला पाव किलो भाताचं तूस धुऊन घालते. ते न घालता गव्हाची बिअर करायचा विचारही करू नका.

एवढा खटाटोप कशासाठी? गढूळ वर्टबरोबर स्टार्च आणि तुसाचे कण उकळीत जातात. स्टार्चचा गढूळपणा नंतर थंडीतही खाली बसत नाही आणि तूस उकळलं की चव तुरट होते. पिल्सनरमध्ये हे लपत नाही. पुढचं काम मात्र वेगळं: प्रथिनं उकळीत आणि नंतर झटपट थंड करताना गोळा होऊन बसतात, त्यासाठी शेवटच्या दहा मिनिटांत आयरिश मॉस (वाळवलेलं समुद्री शेवाळ) घालते. मॅश टनकडून तीही अपेक्षा ठेवू नये.

तक्रारी दोन. गरम पाणी ओतताना घुमटाची कड उचलली जाते आणि दाणे खाली शिरतात. कडेला सिलिकॉनची नळी चिरून बसवली, तेव्हापासून बंद. दुसरं म्हणजे सोबत आलेली नळी उष्णतेने मऊ पडून चपटी होते; जाड भिंतीची सिलिकॉनची घ्या आणि क्लॅम्प लावा. धुणं त्याच दिवशी उरका, घुमटाखाली साखर वाळली की खरवडत बसावं लागतं.

अमेरिकेत घरच्या वापरासाठी बिअर करता येते, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती करता येत नाही, तिथल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

पिशवीतच मॅश करणाऱ्यांना या वस्तूचा उपयोग नाही. गोल कूलर असेल तर जरूर घ्या, पण आतला व्यास तळाशी मोजून. बरेच कूलर खाली किंचित निमुळते असतात आणि वरच्या मापाने मागवलेलं फॉल्स बॉटम मधेच अडकतं.