एम.ए.च्या अभ्यासात एआय: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात इतिहास विषयात एम.ए. करताना मी गेल्या शैक्षणिक वर्षापासून एक एआय साधन नियमित वापरते आहे. लघुशोधप्रबंधाचा विषय शहरातील गिरण्यांचा असल्यामुळे त्याची कसोटी घेण्याची संधीही आपोआपच मिळाली.

खरा उपयोग झाला तो इंग्रजी संदर्भ वाचताना. कामगार चळवळीवरील एखादा बोजड परिच्छेद दिला की हे साधन त्याचा आशय सोप्या मराठीत उलगडून सांगते, आणि पुन्हा पुन्हा विचारले तरी कंटाळत नाही. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी तेलुगू बोलली जाते, तिचे शिक्षण मराठीतून झाले आहे आणि संदर्भग्रंथ मात्र इंग्रजीत आहेत. वर्गात उभे राहून विचारायला जे तिला अवघड वाटे, ते ती आता रात्री मोबाइलवर विचारून घेते आणि दुसऱ्या दिवशी सरांपुढे नेमका प्रश्न घेऊन जाते. अशा वापराला कॉपी म्हणणारे प्राध्यापक मला पटत नाहीत.

स्थानिक इतिहासात मात्र या साधनाची भंबेरी उडते. सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे लष्करी कायद्याबद्दल, विचारले असता मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ही चारही हुतात्म्यांची नावे त्याने बरोबर दिली, परंतु त्यांना फाशी सोलापुरातच झाल्याचे ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात १२ जानेवारी १९३१ रोजी ती येरवड्याच्या तुरुंगात झाली, हे चार हुतात्मा पुतळ्यावरून जाणाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चूक दाखवताच त्याने क्षमा मागून दुरुस्ती केली. मग एका वर्गमित्राने मुद्दाम ती दुरुस्तीच चुकीची असल्याचे लिहिले, तेव्हा पुन्हा क्षमा मागून ते मूळ चुकीवर परतले! जुन्या मिलवर, म्हणजे १८७७ मधील सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलवर, संदर्भसूची मागितली तर लेखक, प्रकाशक आणि पृष्ठक्रमांक यांसह देखणी यादी मिळाली. त्यातील काही ग्रंथ कोणत्याच ग्रंथालयाच्या नोंदीत सापडले नाहीत. ज्याला विषय थोडाफार येतो तो अशा ठिकाणी अडतो आणि तपासतो. ज्याला येत नाही तो यादी जशीच्या तशी उतरवतो, आणि सर्वाधिक विश्वास त्याचाच असतो.

आमच्या वर्गात हे न वापरणारे क्वचितच कोणी असेल, पण वापरतो असे सरांसमोर कबूल करणारेही क्वचितच. एआय-लेखन ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीची भीती त्यामागे आहे. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये बंद केले होते. तेव्हा केवळ त्या आकड्यावरून विद्यार्थ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा तोंडी परीक्षेत प्रबंधातील एकाच तळटीपेबद्दल सविस्तर विचारावे. कोणी काय वाचले आहे ते लगेच कळते.

सशुल्क योजना घ्यावी का, असे पुढच्या तुकडीतील मुले विचारतात. परिच्छेद समजून घेण्यापुरती फुकटची आवृत्ती भागते. जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या कात्रणांचे फोटो वाचून घेण्यासाठी मी सशुल्क योजनाही घेऊन पाहिली. पुसट छपाईतील जोडाक्षरे ते अंदाजाने भरते आणि अंदाज केल्याचे सांगत नाही, म्हणून मुदत संपल्यावर ती पुन्हा घेतली नाही.