गुंठेवारीतला प्लॉट की म्हाडाची लॉटरी?
संभाजीनगरात कमी पगारवाल्याने घर कसं करायचं? भावाचं आणि माझं यावरच सारखं चालू असतं.

तो म्हणतो गुंठेवारीत, म्हणजे मंजूर ले-आउट नसताना गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीत, प्लॉट घे, पंतप्रधान आवास योजनेतून केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात. बरोबर आहे, पण पैसा कागदावर अडतो ना, जागा नावावर आणि नियमित पाहिजे. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली म्हणून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करता येतात, पण त्याचं शुल्क आपल्याच खिशातून, आणि त्यानंतरचा प्लॉट असेल तर विचारूच नका.

म्हाडा म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, त्याच्या लॉटरीत 20 टक्के योजनेतली घरंही असतात. चार हजार चौरस मीटर किंवा मोठ्या प्रकल्पात बिल्डरने 20 टक्के छोटी घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखायची, असा राज्याचा नियम. पण तो दहा लाखांवरच्या शहरांना, म्हणजे 2011 च्या जनगणनेने मराठवाड्यात फक्त आपल्याला, नांदेड लातूरला नाहीच! मला हे फार खटकतं, तिथे काय गरीब राहत नाहीत का?

कागद क्लिअर असेल तर मी पण प्लॉटच घेईन, नाहीतर लॉटरीचा फॉर्म भरा, नंबर लागेपर्यंत भाडं भरावं लागलं तरी.