ईसीपी५ साठी सिंथेसिस टूल कोणते? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लॅटिस कंपनीच्या ईसीपी५ या एफपीजीएसाठी (आतले सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) सिंथेसिसचे, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून सर्किट तयार करण्याचे, तीन मार्ग माझ्यासमोर होते. कंपनीच्या डायमंड या सॉफ्टवेअरमध्ये लॅटिसचे स्वतःचे एलएसई आणि सिनॉप्सिसचे सिनप्लिफाय प्रो अशी दोन इंजिने मिळतात. मुक्तस्रोतात योसिस आहे आणि त्याने तयार केलेली नेटलिस्ट (घटक आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) पुढे नेक्स्टपीएनआर हे दुसरे टूल चिपवर बसवते. गेले आठ महिने ध्वनीसाठीचा एक एफआयआर फिल्टर (नमुन्यांना ठरावीक आकड्यांनी गुणून त्यांची बेरीज करणारे सर्किट) मी या तिन्हींतून चालवत आहे. बोर्ड यूएलएक्स३एस आहे आणि त्यावरच्या २५एफ चिपमध्ये सुमारे २४ हजार एलयूटी (लॉजिकचे छोटे मूलभूत घटक), प्रत्येकी १८ किलोबिटचे ५६ ब्लॉक रॅम (चिपमधले तयार मेमरीचे ठोकळे) आणि १८ बाय १८ चे २८ गुणक आहेत.

कोणत्या टूलला किती एलयूटी लागले, याचा तक्ता मी पहिल्याच आठवड्यात मांडला होता. तो आता उघडूनही पाहत नाही, आणि त्याला कारण झाली माझीच एक चूक.

फिल्टरच्या नमुन्यांसाठी मी १०२४ शब्दांची, १६ बिट रुंद मेमरी लिहिली होती. तिचे एकूण बिट १६,३८४ भरतात, म्हणजे एका ब्लॉक रॅममध्ये ती सहज मावायला हवी. मात्र वाचन मी क्लॉकच्या (सर्किटला ताल देणाऱ्या ठोक्याच्या) प्रक्रियेबाहेर, असाइन या साध्या विधानाने केले होते आणि ईसीपी५ चा ब्लॉक रॅम तर क्लॉकच्या कडेवरच वाचून देतो. अशा वेळी ती मेमरी एलयूटींतून उभी राहते. १६ शब्द गुणिले ४ बिट एवढा एक तुकडा धरला तर असे २५६ तुकडे लागतात, शिवाय त्यांतून योग्य तो निवडणारे मल्टिप्लेक्सर वेगळेच. कोड बरोबर होता, सिम्युलेशन बरोबर होते, फक्त चिपवर नको ते हार्डवेअर तयार झाले होते. तक्त्यात मला फुगलेला आकडा दिसला. तो का फुगला, ते तक्ता सांगत नव्हता.

इथून माझी कसोटी बदलली: मी लिहिलेल्या कोडचा टूलने काय अर्थ लावला, हे ते मला किती लवकर आणि किती स्पष्ट सांगते? योसिस या बाबतीत मला सर्वांत सोयीचे वाटले. कोणती मेमरी कोणत्या घटकावर बसवली, हे ते लॉगमध्ये नावानिशी लिहिते. मेमरी ब्लॉक रॅममध्येच हवी असे कोडमध्ये बजावून ठेवले आणि ते शक्य नसले, तर ते तिथेच थांबते. मला हे थांबणे फार मोलाचे वाटते. प्रत्येक टप्पा स्वतंत्र आज्ञेने चालवून मध्येच सर्किट पाहता येते, हा आणखी एक फायदा. डायमंडच्या दोन्ही इंजिनांचे अहवाल तपशीलवार आहेत, पण त्यात नेमकी ओळ कुठे शोधायची, हे हाताला वळण पडल्यावरच कळते.

टायमिंगच्या, म्हणजे सर्किट ठरलेल्या क्लॉकच्या वेगाने चालेल की नाही याच्या, बाबतीत पारडे उलटे झुकते. सिनप्लिफाय प्रो सिंथेसिस करतानाच क्लॉकची अट विचारात घेते. योसिस ती अट पाहतच नाही. त्यातले एबीसी हे लॉजिक सुटसुटीत करणारे टूल, जे बर्कली विद्यापीठात घडले, लॉजिकची खोली (एकामागोमाग येणाऱ्या घटकांची संख्या) कमी करते आणि खऱ्या नॅनोसेकंदांचा हिशेब नेक्स्टपीएनआरकडे येतो. शिवाय योसिस गुणाकार गुणकावर बसवते, पण त्यापुढची बेरीज साध्या लॉजिकमध्ये ठेवते. एफआयआरमध्ये गुणाकारापाठोपाठ बेरीज असतेच, त्यामुळे मला तिथे पाइपलाइनचा एक टप्पा (काम दोन क्लॉकमध्ये विभागणारे रजिस्टर) हाताने घालावा लागला. ध्वनीच्या वेगाला हे चालून जाते. क्लॉक घट्ट असेल, तर मी सिनप्लिफायकडेच जाईन.

व्हीएचडीएल या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेतला जुना कोड असेल, तर डायमंड सोपे. योसिसला त्यासाठी जीएचडीएल या व्हीएचडीएल वाचणाऱ्या टूलचे प्लगइन लागते. डायमंडचा मोफत परवाना संगणकाच्या नेटवर्क कार्डाशी बांधलेला असतो आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ही नोंद कॅलेंडरमध्ये करून ठेवावी (मी ती केली नव्हती, आणि एक रविवार वाया गेला).

एलएसईबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. तुलनेसाठी ते ठेवले आहे, एवढेच.

सध्या रोजचे काम योसिसवर चालते आणि प्रत्येक बदलानंतर एक छोटी स्क्रिप्ट ब्लॉक रॅम व गुणकांची संख्या मोजते. ती अपेक्षेपेक्षा वेगळी आली, तर पुढचा टप्पा सुरूच होत नाही. महिन्यातून एकदा तोच कोड सिनप्लिफायमधून काढतो आणि दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, की आधी माझाच कोड पुन्हा वाचायला घेतो.